नातीचं झाड वाळलं, आता दुसरं लावू का?

सप्रेम नमस्कार.

माझं वय ६६. तीन वर्षांपूर्वी नात झाली तेव्हा घरची सगळी जमली होती. तिच्या नावाने घरामागच्या मोकळ्या जागेत झाड लावलं. चांगलं आठ फुटी रोप आणलं होतं. तिच्या नावाची पाटी केली, फोटो काढले. पहिलं वर्ष बरं गेलं, दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळलं. पाणी कोणी घालायचं हे कधी ठरलंच नव्हतं. जो तो समजत होता की दुसरा कोणीतरी घालतोय. वाळलेली काठी आणि पाटी अजून तिथेच आहेत, काढायला हात होत नाही. नात फोटो बघून विचारते, "माझं झाड कुठंय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना हे सगळं अशुभ वाटतं. आता दुसरं नातवंड येणार आहे. प्रत्येक मुलामागे एक झाड अशी रीत आमच्या घरात पडावी, आपल्यामागे काहीतरी उभं राहावं, असं मला फार वाटतं. मुलगा म्हणतो, "आई, ही जागा आपण ठेवू की विकू तेच ठाऊक नाही, झाड कशाला?" लावू का? लावलं तर कोणतं? आणि पाटीवर काय लिहू?

– एक आजी

ताई,

लावा. पण त्याआधी ती वाळलेली काठी उकरून काढा, आणि काढताना नातीला शेजारी बसवा.

हिसका देऊन उपटू नका. भोवतीची माती खुरप्याने सैल करा, मुळांसकट सावकाश बाहेर काढा आणि मुळांवरची माती पाण्याने धुऊन टाका. मग नीट बघा. मला वाटतं, तुम्हाला मुळांचा एक गोल गड्डा दिसेल, अगदी पिशवीच्याच आकाराचा, सुतळीचं बंडल गुंडाळावं तशी मुळं एकमेकांभोवती फिरलेली. पिशवीच्या भिंतीला धडकलेलं मूळ वळतं आणि आतल्या आत गोल फिरत राहतं. ते तसंच्या तसं खड्ड्यात ठेवलं, तर कित्येकदा बाहेरच्या मातीत शिरतच नाही. बुंध्याकडेही बघा. खालची वीतभर साल काळपट, मऊ पडलेली असेल तर रोप प्रमाणापेक्षा खोल पुरलं गेलं होतं. काठीला आधाराला बांबू घट्ट बांधला असेल तर दोरीचा वळ अजून सालीवर असेल.

आठ फुटी रोप घेताना वाटतं, चला, चार वर्षं वाचली. खरं तर ती चार वर्षं रोपाने पिशवीत कोंडून काढलेली असतात. वर आठ फुटांचा पसारा आणि खाली हातभर पिशवीत मावतील एवढीच मुळं. उन्हाळ्यात पानं जेवढं पाणी मागतात तेवढं ही मुळं कुठून आणणार? पहिलं वर्ष ते तुमच्या उत्साहाच्या पाण्यावर जगलं. उत्साह ओसरला, मुळं मात्र होती तिथेच होती. याउलट दीड-दोन फुटांचं धट्टंकट्टं रोप जमिनीत लवकर हातपाय पसरतं आणि चार-पाच वर्षांत त्या मोठ्याला गाठतं, बऱ्याचदा मागेही टाकतं. मोठं रोप आणण्यात तुमची हौस होती, ती मी समजू शकते. पण या एका बाबतीत हौस झाडाच्या मुळावर येते.

ज्यांना हे अशुभ वाटतं, त्यांनाही ती मुळं दाखवा. वाद घालू नका. वडीलधाऱ्यांच्या मनातली धास्ती बहुधा नातीच्या काळजीतून आलेली असते आणि वाद घातल्याने ती जात नाही. डोळ्यांनी कारण दिसलं तर कदाचित जाईल. रोप वाळलं ते पाण्याअभावी आणि कोंडलेल्या मुळांमुळे. मुलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि हे वाक्य त्या घरात कोणीतरी मोठ्याने म्हणायची गरज आहे. ते तुम्ही म्हणा.

आता नातीचा प्रश्न. वेळ मारून नेणं आजच्या आज थांबवा. तिला सांगा, "तुझ्यासाठी लावलेलं रोप वाळलं. त्याला पाणी कमी पडलं. चूक आमची, मोठ्यांची होती." तीन वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. तिच्या नकळत तिथे तसंच दुसरं रोप लावून 'हे बघ तुझं झाड' म्हणायचा मोह होईल, तो आवरा. मुलांना फोटो फार बारकाईने बघता येतात. आणि तिला मुळं हातात धरू द्या. झाडाचा एक मोठा भाग जमिनीखाली असतो, हे त्या वयात जे मूल बघतं ते पुढे रोपाला पाणी घालताना पानांवर ओतत नाही, बुंध्याभोवती ओततं.

यातूनच मला तुमच्या मूळ इच्छेबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक मुलामागे झाड ही रीत सुंदर आहे, फक्त झाडाला मुलाचं नाव देऊ नका. झाडं मरतात. वादळात पडतात, खोडकिडा लागतो, तारांना अडतात म्हणून कोणीतरी छाटून जातं. मूल चौदा वर्षांचं असताना त्याच्या नावाचं झाड कोसळलं तर त्याच्या मनात काय येईल, याचा विचार करा. त्या वयातल्या पोरांना अशा गोष्टी आतून लागतात आणि ती बोलून दाखवत नाहीत. तेव्हा नातं उलटं जोडा. बाळ जन्मलं की झाड लावायचं, आणि त्या झाडाची राखण त्याच्या आधीच्या मुलाकडे द्यायची. म्हणजे येणाऱ्या बाळाच्या वेळचं झाड तुमच्या नातीचं काम. नातीसाठी नव्याने लावाल त्याचं पाणी तुमच्याकडे. उद्या तिसरं कोणी आलं, भाचरं-पुतण्यांपैकी असेल, तर त्याचं झाड या बाळाकडे. मोठ्या भावंडाला धाकट्यासाठी काहीतरी करायला मिळतं आणि झाडाला एक नक्की माणूस मिळतो. तुमचं पहिलं रोप गेलं ते नेमका माणूस नव्हता म्हणून. प्रेम तर घरात सगळ्यांचंच होतं.

केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायकांनी रोपं तयार करायची आणि लावायची, त्याबद्दल त्यांना थोडे पैसे मिळत. ते मिळत जगलेल्या रोपामागे. नुसतं लावलं म्हणून नाही. एवढ्या एका अटीने कामाचा सगळा भर बदलला. २००४ साली मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा जगाने कोट्यवधी झाडांचं कौतुक केलं. मला मात्र कायम त्या अटीचं कौतुक वाटत आलं आहे. तुमच्या घरात पैशाचा प्रश्न नाही. पण फोटो लावणीच्या दिवशी काढू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काढा. सगळी पुन्हा जमतील, आणि त्या फोटोत खरंच एक झाड असेल.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याचं म्हणणं ऐकून तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण ताई, तो चुकीचं बोलत नाही. जागा राहतात, जातात. नोकऱ्या माणसांना कुठल्या कुठे नेतात. आणि एक कठोर वाटेल असं सांगते: मुलांनी जागा विकू नये म्हणून झाड लावू नका. 'आईने लावलेलं झाड आहे, कसं विकायचं' या ओझ्याखाली मुलगा-सून वाकलेली मी पाहिली आहेत. अडचणीच्या वेळीही त्यांना निर्णय घेता येत नाही, आणि मग त्या झाडाकडे बघण्याचीच इच्छा राहत नाही. झाड लावून कोणाचे पाय बांधायचे नाहीत, हे आधी मनाशी ठरवा आणि मुलाला तसं स्पष्ट सांगा. त्याचा निम्मा विरोध तिथेच मावळेल असं मला वाटतं.

मग वारसा कशाचा? जागेचा नाही हे तर झालं. एकाच झाडाचाही नाही. वारसा बियांचा.

बोधगयेचं उदाहरण घ्या. आज तिथे जो पिंपळ आहे तो बुद्धाच्या काळचा नव्हे. तिथलं झाड अनेकदा गेलं. १८७६ साली जुनं झाड वादळात पडलं आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८८१ मध्ये त्याच वंशातलं रोप पुन्हा लावलं. दरम्यान मूळ झाडाची एक फांदी फार पूर्वीच समुद्रापार गेली होती. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा ती श्रीलंकेला घेऊन गेली आणि ती अनुराधापुरात लावली गेली. परंपरा ते साल इसवी सनपूर्व २८८ सांगते. तो पिंपळ आजही उभा आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ माहीत असलेल्या झाडांमध्ये तो जगातला सर्वांत जुना मानतात. मुळातलं झाड पडलं, त्याची फांदी दोन हजारांहून अधिक वर्षं जगली. राज्यं बदलली, जमिनीचे मालक किती बदलले असतील. टिकलं ते एवढ्यामुळे की कोणीतरी वेळेवर एक फांदी दुसरीकडे नेली होती आणि तिथे पिढ्यान् पिढ्या कोणीतरी तिला जपत होतं.

हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रचंड वटवृक्ष पाहिला असेल किंवा ऐकून माहीत असेल. त्याला मुख्य खोडच नाही. वादळांनी ते दुखावलं, मग बुरशीने कुजलं आणि १९२५ मध्ये कापून काढावं लागलं. झाड मात्र हजारो पारंब्यांवर उभं आहे आणि अजून पसरतंय. मुलगा जागेविषयी बोलला तेव्हा मला हा वड आठवला. पारंब्या आधीच जमिनीला टेकल्या असतील तर खोड गेल्याने झाड जात नाही.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या वडिलांनी दारात जांभूळ लावलं होतं. आमचं ते घर गेलं, ज्यांनी घेतलं त्यांना गाडी उभी करायला जागा हवी होती, झाड तोडलं. त्यांचा राग मी धरलेला नाही. घर त्यांचं होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी पडलेली जांभळं मी गोळा केली होती, आणि गर धुऊन बिया लगेच पिशव्यांमध्ये पेरल्या होत्या. तीन आठवड्यांनी एके सकाळी बघते तर एका बीतून दोन कोंब, शेजारच्या पिशवीत तीन. मला वाटलं चुकून दोन-तीन बिया पडल्या. माती बाजूला करून पाहिलं, बी एकच. जांभळाच्या बीचं असंच असतं, तिच्यात एकाहून अधिक अंकुर असू शकतात. लालसर, चकचकीत, काडीपेटीतल्या काडीएवढे ते कोंब होते. त्यातली चार रोपं आज माझ्या भावंडांकडे आणि मुलीकडे चार वेगळ्या ठिकाणी आहेत. वडिलांचं झाड नाही म्हणून मला अजूनही हळहळ वाटते. पण जांभळाच्या दिवसांत चारही घरांतून फोन येतात आणि बोलणं दरवेळी वडिलांवर येऊन थांबतं.

म्हणून तुमच्या मुलाला असं सांगा: "झाड इथेच राहील असा माझा हट्ट नाही. फक्त जागा सोडायची वेळ आली तर त्याआधी एक हंगाम मला कळव, म्हणजे बी धरता येईल." एवढी अट कोणताही मुलगा मान्य करेल.

कोणतं झाड हे मी इथून नक्की सांगणं बरोबर नाही. तुमची माती, पाणी, हवा मला माहीत नाही. पण एक साधी खूण आहे. तुमच्या आसपास, कोणी पाणी घालत नाही अशा ठिकाणी, पन्नास-साठ वर्षांची कोणती झाडं उभी आहेत ते बघा. जे तिथे आपल्या जोरावर जगलंय ते तुमच्याकडेही जगेल. चिंच, कडुलिंब, जांभूळ, आंबा यांतलं काहीतरी बहुधा सापडेलच. भिंतीपासून आणि पाइपांपासून लांब लावा, वर तारा आहेत का बघा. वड-पिंपळ मला फार प्रिय आहेत, पण घराजवळ अजिबात नकोत, त्यांची मुळं भेगांत शिरतात. मोठ्या झाडाची मुळं त्याच्या पसाऱ्याच्याही बाहेर बरीच लांब जातात, हे जागा ठरवताना ध्यानात ठेवा. लवकर वाढतं म्हणून काहीही ठिसूळ लाकडाचं लावू नका. जे झाड घाईने उंच होतं त्याच्या फांद्या बऱ्याचदा वाऱ्यात मोडतात.

आंबा निवडलात तर कलम की कोय, हा प्रश्न येईल, आणि वारशाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कलमाला तीन-पाच वर्षांत फळ धरतं आणि ते अगदी मातृवृक्षासारखंच असतं, कारण कलमाची फांदी म्हणजे तेच झाड, दुसऱ्याच्या मुळांवर बसवलेलं. एखाद्या ठरावीक झाडाची चव, त्याचं तेच फळ पुढे न्यायचं असेल तर कलम बांधावं लागतं. कोयीपासून वाढवलेल्या झाडाला फळ यायला सहा ते दहा वर्षं लागतात, फळ आईसारखं येईलच असं नाही, पण ते झाड मोठं, दणकट आणि बऱ्याचदा जास्त आयुष्याचं होतं. माझं मन कोयीकडे झुकतं. नातवंडं आजीसारखी दिसतातच असं कुठे आहे? पण कलमच लावलंत तर एवढं करा: सांध्याखालून खुंटाला, म्हणजे ज्या रोपाच्या मुळांवर कलम बसवलंय त्याला, फुटलेले धुमारे दिसले की लगेच खुडा. नाहीतर खुंट वाढतो, कलम मरतं, आणि दहा वर्षांनी भलतंच फळ हाती येतं.

बी धरणार असाल तर प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. आंबा, जांभूळ, फणस यांच्या बिया वाळवून डब्यात ठेवल्या की मरतात. फळ हातात आल्यावर गर काढून लगेच, दहा-पंधरा दिवसांच्या आत पेरायच्या. चिंचोक्याचं उलट आहे. तो कोरडा ठेवला तर महिनोन् महिने टिकतो, पेरताना कडेला कानशीने थोडा घासून रात्रभर पाण्यात भिजवला की उगवतो. चिंचोका घासायचं काम नातीला द्या. किती घासायचं हे दाखवायला मोठं माणूस शेजारी हवं, बाकी तिचे हात पुरेत.

आणखी एक. झाडाचा वेळ आणि मुलीचा वेळ यांत फार अंतर आहे. चिंचेचं रोप तीन वर्षं तिच्या कमरेएवढंच राहिलं तर ती कंटाळेल, आणि त्यात तिची चूक नसेल. म्हणून शेजारी एखादा शेवगाही लावून द्या. तो वर्षभरात तिच्या डोक्यावर जाईल, फुलेल. त्याचं आयुष्य मोठ्या झाडाइतकं नसतं, पण तोवर तिला 'आपण पाणी घातलं की काहीतरी होतं' हे कळलेलं असेल.

पुढच्यांना याचा काय उपयोग होईल, हा हिशोब मात्र करू नका. स्वीडनमध्ये विसिंग्सो नावाचं बेट आहे. १८३० च्या दशकात तिथे नौदलाच्या जहाजांसाठी ओक लावले, तयार व्हायला दीडशे वर्षं लागणार हे माहीत असून. १९७५ साली वनखात्याने कळवलं की लाकूड तयार आहे. तोवर लढाऊ जहाजं लाकडाची राहिलीच नव्हती. जंगल आहे, लोक त्यात फिरतात. लावणाऱ्यांनी मनात धरलं होतं ते झालं नाही, तरी त्यांच्या कष्टांचं काहीही वाया गेलं नाही.

लावताना खड्डा खोल कमी, रुंद जास्त. रोपाच्या मातीच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याएवढीच. पिशवी पूर्ण फाडून काढा. गोल फिरलेली मुळं दिसली तर बोटांनी मोकळी करा, न सुटणारी धारदार कात्रीने कापा. कापायला जीव धजणार नाही, तरी कापा. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो ती जागा जमिनीच्या वरच राहिली पाहिजे. भोवती आळं करा, त्यात चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकवू नका, थोडी जागा सोडा. टेकला तर साल कुजते. आधार हवाच असेल तर दोरी सैल ठेवा आणि वर्षभरात काढून टाका. वाऱ्यात डुलल्यानेच खोड जाड होतं. बांधून ठेवलेलं रोप उंच होतं, पण दोरी सोडली की वाकतं.

पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा काही दिवसांनी बादलीभर, हळूहळू, मुरेल तसं. वरवर ओलावलेल्या मातीत मुळं वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात भाजतात. वेळ ओळखायची असेल तर बोट मातीत घाला. चार बोटं खोल ओल लागत नसेल तर पाणी द्या. पहिली दोन वर्षं हे चुकवायचं नाही, तिसऱ्या वर्षी अंतर वाढवत न्यायचं. तुम्ही गावाला जाल, आजारी पडाल, तेव्हा कोण घालणार तेही आत्ताच ठरवा. तुमचं वय ६६ आहे म्हणून मी हे मुद्दाम सांगते. सुनेला गृहीत धरू नका, तिला विचारा. लहान बाळ असलेल्या बाईच्या गळ्यात न विचारता झाड बांधलं तर तिला ते झाड कधीच आवडणार नाही. मुलाला विचारलंत तर मला जास्त आवडेल, कारण ज्याच्या हातून दोन उन्हाळे पाणी गेलंय त्याला 'झाड कशाला' असं म्हणणं जड जातं.

घरात एक वही ठेवा. लावल्याची तारीख, बी किंवा रोप कुठलं, पहिली पालवी, पहिला मोहोर, कोणत्या उन्हाळ्यात पानं गळली, कोणाला बिया दिल्या. मरतील त्यांचीही नोंद करा, कारणासकट. वहीचं पहिलं पान या वाळलेल्या रोपाचं असू द्या: कधी लावलं, कधी वाळलं, मुळं कशी निघाली. तुमचं नातवंड चाळीस वर्षांचं होऊन कुठेतरी भलत्याच मातीत खड्डा खणत असेल तेव्हा त्याला ते पान फार कामाला येईल.

राहिली पाटी. तिच्यावर झाडाचं नाव, पेरल्याची तारीख आणि बी कोणाच्या झाडाचं एवढंच रंगाने लिहा. खाली 'पाणी घालणार' असं लिहून पुढचं नाव खडूने लिहा, कारण ते बदलत जाणार आहे. नवी पाटी करायला नको. जुनीच धुऊन घ्या, नातीचं नाव आहे ती बाजू तशीच राहू द्या आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहा.